खळ्यातलं नाताळचं टेबल

घरापुढच्या खळ्यात, झावळ्यांच्या माटवाखाली प्लायचे दोन लांब तुकडे जोडून विनोदने टेबल उभं केलं आणि हात झटकत म्हणाला, "हे घ्या. आता तुम्ही बायका याचं नाताळ करा."

मृणालीने प्लायवर तळवा फिरवला. कुसं टोचली. "याचं? अहो, शिमग्यात यावर तुम्ही मटण कापलंत."

"चादर टाकल्यावर कोणाला दिसतंय? जान्हवीला विचार. तिला माहीत असतं त्यातलं."

किती सहज बोलला. 'तिला माहीत असतं त्यातलं' हे वाक्य इतकी वर्षं या घरात कोणी उच्चारलं नव्हतं. विनोदचा भाऊ अजिंक्य याने वसईहून जसिंताला लग्न करून आणलं, तेव्हा याच खळ्यात ताटातल्या तांदळावर अंगठीने 'जान्हवी' लिहिलं. तिचे वडील पास्कोल सुटाबुटात शेजारी उभे राहून बघत होते. गळ्यातला क्रूस सासूने, दमयंतीने "सांभाळून ठेवते गो" म्हणत कपाटात टाकला, तो अजून सांभाळलेलाच आहे. अजिंक्य सहा-आठ महिने बोटीवर असतो. तो नसताना जसिंता या घरात जान्हवी म्हणून राहिली, आणि दर नाताळला तिने बाकीच्या दिवसांसारखंच बांगड्याचं कालवण केलं, भात वाढला आणि भांडी घासली. कोणी विचारलं नाही. विचारायचं काय होतं? विचारलं असतं तर काहीतरी द्यावं लागलं असतं.

या वर्षी पुण्याच्या एका कंपनीतल्या लोकांनी विनोदच्या न्याहारी-निवासाच्या सगळ्या खोल्या घेतल्या. त्यांना ख्रिसमस डिनर हवा होता. विनोदने मोबाइलवर जाहिरात टाकली: समुद्रकिनारी अस्सल ख्रिसमस, घरच्या ख्रिश्चन सुनेच्या हातचा.

घरची ख्रिश्चन सून! सून ख्रिश्चन आहे हे या घराने पहिल्यांदा कबूल केलं ते गिऱ्हाइकाला.

जसिंता पुळणीवरून सुरूच्या फांद्या कवेत घेऊन आली. केसांत वाळू, परकराला काटे. फांद्या तिने टेबलावर टाकल्या आणि लांब उभी राहून डोळे बारीक करून बघितलं.

"पांढरी चादर आहे का, ताई?"

"पांढरी?" मृणाली दचकली. "आई ओरडतील. सणासुदीला पांढरं?"

"मग लाल. लालपण चालते." ती हसली. "मधोमध सुरू घालायची, या टोकापासून त्या टोकापर्यंत. करवंट्यांत वाळू भरून त्यात मेणबत्त्या. रुमालाच्या घड्या मी करते. तुम्ही ताटं पुसा. आणि मधे जागा सोडा, आमच्याकडे मधे बाळ येशूची गव्हाण ठेवतात."

'आमच्याकडे' म्हणताना तिचा आवाज किती वेगळा झाला ते मृणालीने ऐकलं. माहेरी आलेल्या पोरीचा असतो तसा.

विनोद वायर ओढत जाता जाता थांबला. "जान्हवी, एक कर. पाव्हण्यांसमोर आज तुझं जुनं नाव सांग. जसिंता. त्यांना बरं वाटेल. आणि ते क्रॉसचं काय ते, आईकडे असेल ना? घाल की गळ्यात. फोटोत चांगलं दिसेल."

जसिंता करवंटीत वाळू भरत होती. भरतच राहिली. "बघू, भाऊजी."

तो गेल्यावर मृणाली म्हणाली, "नको घालूस. मुद्दाम नको घालूस."

"घालेन की. माझाच आहे ना."  मग एकदम, "सकाळी वसईहून आईचा फोन होता. म्हणते, बाबा गेल्यापासूनचं हे पहिलं नाताळ, आज तरी इनासशी बोल."

मृणालीचा हात ताटावर थांबला.

"मी म्हटलं, संध्याकाळी सांगते. काय सांगणार आहे माहितीये? इनास मला मेला म्हणून सांगणार आहे." तिने रुमालाची घडी बोटाने दाबली. "सख्खा भाऊ. बाप गेला आणि बहिणीला कळवायला त्याला आठवडा लागला. मी पोचले तेव्हा मातीवरची फुलंसुद्धा सुकलेली. आणि वर तोच माझ्याशी बोलत नाही! माझ्यासमोरून उठून गेला. काय केलं होतं मी त्याचं?"

"अगं, असेल काही..."

"काय असेल? ताई, तुम्ही सांगा, काय असू शकतं?"

मृणालीने ताट उचललं, स्वच्छ होतं तरी परत पुसलं. "मी जरा आत जाऊन येते. वाटण झालं का बघते."

*

वाटण झालं होतं. दमयंती चुलीसमोर पाटावर बसून वड्यांचं पीठ मळत होती. या बाईने नवरा बोटीवर असताना दोन पोरं वाढवली, नारळ उतरवून घेतले, दिरांशी कोर्टात भांडली. घाबरायचं तिला ठाऊक नव्हतं. पण मृणाली आत आली आणि दार लोटून घेतलं, तेव्हा तिने मान वर केली नाही.

"आई, तिला सांगून टाकूया."

"काय?"

"तुम्हाला माहितीये काय."

दमयंतीने पिठाला मूठ मारली. "आज? पाव्हणे तासाभरात दारात. आज सांगतेस?"

"तेव्हा गणपती होते म्हणून नाही. मग गौरी होत्या. मग पितृपक्ष लागला. मग म्हणालात दिवाळी होऊ दे. आज पाव्हणे. आई, ती आज तिच्या भावाला तोडायला निघालीय. कायमचं. आपल्या पापापायी."

"पाप बिप काय नाय. सुतक ऐकल्यावर लागतं. तिच्या कानावर पडलं नाय, तिला लागलं नाय. माझ्या सासूनं पण असंच केलेलं. माझा भाऊ गेला तेव्हा मला गौरी गेल्यावर सांगितलं. मी मेले काय?"

"तुम्ही सासूला माफ केलंत?"

 दमयंतीची बोटं पिठात रुतून बसली होती. तिचा भाऊ हेदवीच्या घाटीत गाडीखाली गेला होता. ती तिकडे पोचली तेव्हा त्याचे कपडेसुद्धा वाटून झाले होते. सासूला तिने माफ बिलकूल केलं नव्हतं. सासू मरायला टेकली, पाणी मागत होती, तेव्हा पाणी पाजता पाजता दमयंतीच्या मनात एकच होतं: माझ्या भावाचं तोंड तू मला बघू दिलं नाहीस.

आणि भाद्रपदात विनोद जान्हवीचा चालू फोन तळव्याखाली दाबून परसात तिच्याकडे आला, कुजबुजला, "आई, हिचा बाप गेला, भाऊ बोलतोय, काय सांगू?" तेव्हा दमयंतीला तिचा भाऊ आठवला नाही. आठवले ते मोदक.

"सुतकाचं नव्हतं ते, आई," मृणाली म्हणाली. "सुतक तिचं एकटीचं होतं. तीन दिवस वसईला जाऊन राहिली असती. गणपतीला काही होत नव्हतं. आपल्याला तिचे हात हवे होते. मुंबईची सगळी माणसं घरात भरलेली, माझी कंबर धरलेली, तुमच्याने उकड निघत नाही आता. ती गेली असती तर केलं कोणी असतं?"

"तू तेव्हा का नाय बोललीस मग?"

"कारण मलाच करावं लागलं असतं," मृणाली म्हणाली आणि तिचा चेहरा लाल झाला. "म्हणून. मी पण तेवढीच हरामखोर आहे."

दमयंतीने पीठ झाकलं. "आज नको. जेवणं होऊ देत. मग मी सांगते. माझी मी."

खरं तर सांगायचं तिच्या मनात नव्हतं. आजवर जेव्हा जेव्हा ती 'मग सांगते' म्हणाली तेव्हाही नव्हतं.

*

आत काय बोलणं झालं ते विनोदला ठाऊक नव्हतं. तो पोटमाळ्यावर चढला होता. जाहिरातीत त्याने 'झगमगाट' असा शब्द टाकला होता आणि बाजारातून आणलेली माळ पेटत नव्हती. एका खोक्यात गणपतीच्या मखराचं सामान होतं, सोनेरी झालरी, थर्माकोलचे खांब, लुकलुकणाऱ्या माळा. त्याला वाटलं, चला, सुटलो. तो खोकं घेऊन खाली आला आणि टेबलावर उपडं केलं.

"ही घ्या लाइटिंग. झालर टेबलाच्या कडेला मारा, भारी दिसेल."

मृणाली स्वयंपाकघराच्या दारात होती, तिथेच राहिली.

जसिंताने एक माळ उचलली. प्लगमध्ये घातली. हिरवी, लाल, हिरवी, लाल. तिने ती हातात धरून ठेवली.

"ही या वर्षीचीच ना?" ती म्हणाली. "मोदक वळताना मला समोर ही दिसायची. मी गाणं म्हणत होते, ताई, आठवतं? तुम्ही म्हणालात, आज लई खुशीत दिसतेस." ती माळ सुरूच्या फांदीवर पसरू लागली. "तिकडे बाबांना खाली उतरवत असतील, आणि इकडे मी आपली गाणं म्हणतेय. इनासनं नुसता एक फोन केला असता..."

विनोदने घसा खाकरला. त्याला एकदम गेटाशी काहीतरी काम आठवलं. या माणसाचं हे वैशिष्ट्य होतं. अंगाशी आलं की त्याला गेट आठवायचं.

तेवढ्यात टेबलावरचा जसिंताचा फोन वाजला. 'आई वसई.'

तिने हात पुसले. "बघा, वाटच बघत असणार." चेहरा घट्ट करून तिने फोन उचलायला हात पुढे केला. "एकदाचं सांगून टाकते."

"नको बोलूस!"

मृणाली कशी आली, फोनवर हात कसा दाबला, तिचं तिला कळलं नाही. फोन तिच्या तळव्याखाली थरथरत होता.

"काय करताय, ताई?"

"इनासनं फोन केला होता."

"काय?"

"त्याच दिवशी. सकाळी. तू उकड काढत होतीस. फोन माजघरात चार्जिंगला होता. यांनी घेतला." तिने नवऱ्याकडे बोट केलं. अख्ख्या संसारात तिने असं बोट कधी केलं नव्हतं. "यांनी त्याला सांगितलं, हो सांगतो, लगेच पाठवतो. दुपारी परत आला त्याचा फोन. म्हणाला, आम्ही थांबलोय, फादरना थांबवलंय, कुठवर आली? हे म्हणाले, निघालीय. मग तुझा फोन बंद करून ठेवला आणि तुला सांगितलं टॉवर पडलाय. गणपती गेल्यावर तुला म्हणाले, तुझ्या भावाचा आत्ताच फोन आला."

फोन वाजून वाजून थांबला.

जसिंता बघत होती. आधी मृणालीकडे, मग विनोदकडे.  करवंटीतली मेणबत्ती वाकडी झाली होती, ती तिने सरळ केली.

"ते थांबले होते?"

"अगं, ऐक ना," विनोद पुढे आला. "सुतक ऐकल्यावर लागतं. घरात देव बसलेला. तुझ्याच भल्याचं..."

"भाऊजी, ते थांबले होते का?"

"...संध्याकाळपर्यंत. असं म्हणत होता तो."

"म्हणजे मी निघाले असं समजून. मी वाटेत आहे असं समजून बाबांना तसंच ठेवलं. आणि मी आलेच नाही." ती शब्द एकेक करून मांडत होती, मघाशी ताटं मांडली तशी. "म्हणून इनास उठून गेला. त्याला वाटलं मला यायचंच नव्हतं."

ती पुन्हा विनोदकडे वळली.

"यांना माहीत होतं?"

यांना म्हणजे अजिंक्यला. विनोदने माटवाच्या खांबाकडे बघितलं.

"भाऊजी, मी विचारतेय."

"मी रात्री त्याला मेसेज केलेला. तो म्हणाला... तो म्हणाला, आता झालंच आहे तर राहू दे. बोटीवरून तो तरी काय करणार होता?"

जसिंता खुर्चीवर बसली. घरात लग्न होऊन आल्यापासून मोठी माणसं उभी असताना ती बसली अशी ही पहिली वेळ. सुरूचा वास येत होता. झालर अर्धी लावलेली, अर्धी लोंबत होती.

दमयंती दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. हाताला पीठ तसंच होतं.

"जान्हवी," ती म्हणाली, आणि तिला स्वतःचीच लाज वाटली, कारण ते नावसुद्धा तिनेच लादलेलं. "पोरी, चूक झाली."

"आई," जसिंता बसूनच म्हणाली, "तुम्ही फोन लावा."

"मी?"

"मी काय सांगू त्याला? तो विचारेल तू का आली नाहीस. मला कसं माहीत असणार? मी तर मोदक वळत होते. तुम्हाला माहितीये. तुम्ही सांगा."

"आई, आत्ता नाही!" विनोदचा आवाज चढला. "गाड्या फाट्यावर आल्यात. त्यांचा फोन आलेला. जरा अक्कल... मृणाली, तुला आजच कंठ फुटायचा होता का?"

"तुम्ही गेटाशी जा," मृणाली म्हणाली. "जा. तुम्हाला काम असेल तिकडे."

दमयंतीने पदराला हात पुसले आणि फोन घेतला. कुठे दाबायचं ते मृणालीने दाखवलं. वाजला. पलीकडे कढईचा चर्र आवाज, बायकांचं हसणं, कोणीतरी नाताळाचं गाणं म्हणत होतं. नाताळ असलेलं घर असं वाजतं हे दमयंतीने आज पहिल्यांदा ऐकलं. तिची सून दर वर्षी हे सोडून आली होती.

फोन इनासनेच उचलला. "हां, जसिंता? आई कामात आहे." आवाज कोरडा.

"मी तिची सासू बोलते. दमयंती."



तिने ठरवलं होतं, गणपतीपासून सुरुवात करायची. सुतक, देव, गावकी, घरातली माणसं. तोंड उघडलं तर त्यातलं काहीच आलं नाही. "तुम्ही फोन केलात तो आम्ही तिला सांगितलाच नाय. तिला काय म्हणता काय माहीत नव्हतं. ती इथंच होती, आमच्यासाठी राबत होती. आम्ही खोटं बोललो, तुमच्याशी पण, तिच्याशी पण. तिला आत्ता कळलं. आत्ता, या घटकेला."

गाणं कोणीतरी थांबवलं असावं. कढईचा आवाज तेवढा येत राहिला.

"कुठाय ती?" इनास म्हणाला.

"इथंच हाय. टेबल मांडतेय. नाताळचं."

"तुमच्याकडे?" त्याचा आवाज बदलला, क्षणभर जवळजवळ आनंदला. "तुमच्याकडे नाताळ करताय? कोण कोण बसणार तुम्ही?"

दमयंतीने टेबलाकडे बघितलं. लाल चादर, सुरू, करवंट्या, एकसारख्या घड्या घातलेले रुमाल. मधली जागा मोकळी. एकही ताट घरातल्या माणसाचं नव्हतं. सुनेचंही नव्हतं. तिने वाढायचं होतं.

"आम्ही नाय," ती म्हणाली. "गिऱ्हाइकं हायत."

 एखाद्याने शिवी दिली असती तर बरं झालं असतं. तो नुसता म्हणाला, "तिला द्या."

जसिंता फोन घेऊन उठली. पोफळींच्या बाजूला चालत गेली. ती काय बोलत होती ते कोणाला कळत नव्हतं, ती वसईची कादोडी बोलत होती, भरभर, अडखळत, मधेच मोठ्याने रडत. ती बोली या घराने कधी ऐकलीच नव्हती. इतकी वर्षं तिच्या पोटात ती कुठे पडून होती कोण जाणे.

*

गाड्या आल्या. दारं उघडली, हसणं सांडलं, दोन मुलींनी लाल टोप्या घातल्या होत्या. विनोद हात जोडून पुढे धावला. "या या, वेलकम! मेरी ख्रिसमस! वाट सापडली ना?"

"वॉव, काय मस्त!" टेबल बघून त्यातल्या एकीने मोबाइल काढला. "काका, हे तुमच्या त्या सुनेनं केलंय ना? जाहिरातीतल्या? बोलवा ना त्यांना, एक फोटो हवाच."

"हो, हो, बोलावतो की. जरा आत..." विनोद मृणालीकडे डोळे वटारत म्हणाला. मृणाली हलली नाही. तिने अर्धी लोंबणारी झालर धरली आणि ओढून काढली. मखराचे खिळे टपटप खाली पडले.

दमयंती पुढे झाली. या बाईने दिरांना कोर्टात उभं केलं होतं. पण या पोरीटोरींसमोर तिची मान वर होत नव्हती. तिने टेबलाच्या कडेला हात टेकला.

"फोटो नको, बाय. ती फोनवर हाय, तिच्या भावाशी बोलतेय. तिचा बाप वारलाय."

"अरे बापरे!" टोपीवालीने मोबाइल खाली घेतला. "कधी? आज?"

"तिला आज कळलं."

"सॉरी, काकू. आम्हाला माहीत नव्हतं."

"तुम्हाला कसं माहीत असणार." दमयंती विनोदकडे न बघता बोलत होती. "दापोलीला बरी हाटेलं हायत. हा तुम्हाला घेऊन जाईल. आमच्याकडचं आज जेवू नका. घरात सुतक हाय."

विनोदच्या तोंडून एक अर्धवट आवाज निघाला. पाहुणे एकमेकांकडे बघू लागले. मग त्यांच्यातला वयाने थोडा मोठा, चष्मेवाला, समजूतदारपणे पुढे आला. त्याने दमयंतीच्या खांद्यावर हलकेच हात ठेवला.

"काकू, तुम्ही आमचं टेन्शन घेऊ नका. आम्ही सुतक वगैरे काही मानत नाही."

"हो रे बाबा," दमयंती म्हणाली. "आम्ही पण नाय मानलं."